वीस तारखेलाच किराणा संपतो? पैसा कुठे गळतो ते असं शोधा

पहिल्या आठवड्यात डबे भरलेले असतात, पनीर येतं, फळं येतात. वीस तारीख उलटली की बटाटा-भात आणि वाण्याकडे उधारी. पुढच्या महिन्यात यादीला कात्री लागते, डाळ किलोभर कमी होते, शेंगदाणे बंद होतात, आणि वीस तारखेला पुन्हा तेच. दर महिन्याला असं होत असेल तर बहुतेक वेळा कात्री चुकीच्या जागी लागलेली असते. धान्य आणि कडधान्य हा स्वयंपाकघरातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. तो कापला की जेवण टिकत नाही, चार वाजता भूक लागते, आणि ती भूक बिस्किटं, फरसाण, वडापाव यांच्यावर भागवली जाते. हे सगळं डाळीपेक्षा कितीतरी महाग पडतं.

म्हणून आधी पाया मोजून घ्या. दोन मोठी माणसं आणि शाळेत जाणारी दोन मुलं धरू. महिन्याला गहू, ज्वारी, बाजरी मिळून १६ किलो, तांदूळ ६ किलो, पोहे-रवा वगैरे २ किलो, सगळ्या डाळी आणि कडधान्यं मिळून ७ किलो, शेंगदाणे २ किलो, तेल अडीच लिटर, साखर-गूळ मिळून २ किलो, दूध रोज एक लिटर, कांदे-बटाट्यांसकट भाजी रोज सव्वा किलोच्या आसपास, अंडी चालत असतील तर महिन्याला तीन डझन. भाव दुकानागणिक बदलतात, तेव्हा खालचे आकडे फक्त हिशेबापुरते धरलेत. त्या जागी तुमच्या दुकानातले घाला. धान्य ४२ रुपये, तांदूळ ६०, पोहे-रवा ६०, डाळी सरासरी १२०, शेंगदाणे १४०, तेल १५०, साखर ४५, दूध ५८, भाजी सरासरी ४५, अंडं ७. या भावाने धान्य, तांदूळ, पोहे, डाळी, दाणे, तेल आणि साखर मिळून साधारण २,७४० रुपये होतात. दूध १,७४०, भाजी १,६२०, अंडी २५०. चहा, मीठ, हळद, तिखट, मसाला, मोहरी-जिरं यांना साडेसहाशे धरले तरी सगळं सात हजारांच्या आसपास बसतं. गॅस आणि दळणाचे पैसे वेगळे.

आता तुमचा खरा खर्च किती ते पाहा. तो दहा-अकरा हजार असेल तर वरचे तीन-चार हजार या यादीबाहेर जातात. एका महिन्याची फोनवरची देवाणघेवाण उघडा आणि खाण्यावर गेलेल्या दोनशे रुपयांखालच्या सगळ्या रकमांची बेरीज करा. गळती बहुतेक तिथेच सापडते. रोज वीस रुपयांचा एक पुडा म्हणजे महिन्याला सहाशे, म्हणजेच पाच किलो डाळ. कोथिंबीर आणि पाव दहा मिनिटांत घरपोच मागवताना प्रत्येक खेपेला वरचे ३० रुपये गेले, तर अशा बारा खेपांत ३६० रुपये गेले आणि त्यातून घरात खायला काहीच आलं नाही.

यादी केली तरी दिवस कमी पडतात

याची दोन कारणं नेहमीची. भाजीचे पैसे चार आठवड्यांत वाटले जातात, पण महिना २८ दिवसांचा नसतो. उरलेल्या दोन-तीन दिवसांना पैसेच ठेवलेले नसतात आणि नेमके तेच दिवस पगाराच्या आधीचे असतात. भाजीच्या रकमेला ३१ ने भागा, ७ ने गुणा आणि तेवढेच पैसे दर आठवड्याला बाहेर काढा. १,६२० रुपयांचे आठवड्याला ३६५ होतात, चारशे नव्हे.

दुसरं म्हणजे यादी आठवणीने लिहिली जाते. डबे उघडून, हलवून, उरलेलं मोजून लिहा. मूगडाळ अर्धा किलो शिल्लक असताना पुन्हा एक किलो येते, आणि त्याच महिन्यात तूरडाळ कमी पडते. डब्याच्या बुडाशी राहिलेलं जुनं आधी वर काढा, नवं खाली भरा. हे केलं नाही तर पावसाळ्यात खालचा थर किड्यांचाच होतो.

यादीतली दोन-तीन मोठी नावं शक्य तर एकदाच घाऊक घ्यावीत. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार विभागात किंवा पेठांमधल्या जुन्या धान्यदुकानांत धान्य-डाळींचा भाव कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा कमी मिळतो. पण फरक रिक्षाभाडं वजा करून पाहा. किलोमागे दहा रुपये वाचले आणि आठच किलो आणलं तर हाती आले ऐंशी रुपये, आणि वारजे किंवा धानोरीहून रिक्षाने जाऊन यायला त्याहून जास्त लागतात. तीन-चार घरांनी मिळून महिन्यातून एकदा फेरी केली तरच ती परवडते.

पाकिटाचा आकारही पाहून घ्या. किलोच्या पाकिटाशेजारी ८०० आणि ८५० ग्रॅमची पाकिटं तशीच दिसतात. किमतीच्या जवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर बारीक अक्षरांत छापलेला असतो, तुलना त्याचीच करायची. तेलाच्या बाबतीत लिटर आणि किलो एक समजू नका. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं.

तेल वेळेआधी संपतं

पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच लिटर म्हणजे एक लिटर बारा दिवस पुरायला हवं. आठव्या दिवशी संपलं तर कारण शोधायला लागा, आणि ते फार लांब नसतं: तेल बरणीतून थेट कढईत ओतलं जातं. रोजचा वाटा ऐंशी मिलिलिटर, म्हणजे १५ मिलिलिटरचे साधारण साडेपाच मोठे चमचे. सकाळीच एवढं तेल एका छोट्या वाटीत काढून ठेवा आणि दिवसभराच्या फोडण्या, पोळीचं तेल, सगळं त्यातूनच करा. पहिले तीन दिवस वाटी दुपारीच रिकामी होते, पुढे हात आपोआप आवरतो. बेसन-रवा भाजताना आणि मसाला परतताना तेल जास्त जातं. आच मंद ठेवून वरून पाण्याचा हबका मारला तर मसाला खाली लागत नाही आणि निम्म्या तेलात होतो.

तळण बंद करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा करा, कढईत तेल थोडंच घ्या आणि उरलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळं पडलेलं, फेस येणारं तेल पुन्हा तापवू नका.

पोट भरतं, पण तासाभरात भूक लागते

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण बाहेरच्या खाण्यावरचा खर्च इथूनच सुरू होतो. ताटात पोळी-भाताचा ढीग असतो आणि आमटी पातळ असते. पैसे कमी झाले की पाणी सगळ्यांत आधी आमटीत वाढतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या माणसाला साधारण ४६ ग्रॅम. सहा पोळ्यांच्या १६० ग्रॅम कणकेतून १७, ५० ग्रॅम तांदळातून ४, ६० ग्रॅम डाळ-कडधान्यातून १३, पाव लिटर दुधातून ८ आणि मूठभर दाण्यांतून साडेतीन ग्रॅम मिळतात. बेरीज जवळपास बरोबर येते, आणि त्यात एकही महाग वस्तू नाही. डाळ ६० ग्रॅमवरून २५ वर आणली की ही बेरीज कोलमडते आणि ती भरून काढायला पोळ्या वाढतात.

दहा ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात हे एकदा काढून पाहा. वरच्याच भावांच्या आसपास धरलं तर सोयाबीनच्या वड्यांतून ते तीन रुपयांत मिळतात, हरभऱ्यातून साडेचार, मुगातून पाच, शेंगदाण्यांतून सहा, तूरडाळीतून सात, अंड्यांतून अकरा, दुधातून अठरा आणि पनीरमधून वीसच्या पुढे. पनीर वाईट नाही, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीनदा पनीर आणि शेवटच्या आठवड्यात नुसता बटाटा, ही वाटणी चुकीची आहे. तूरडाळ महागली की आमटीत निम्मी मसूर किंवा मूग घाला, चवीत फारसा फरक पडत नाही. हुलगे (म्हणजेच कुळीथ), चवळी, मटकी, वाल आलटून पालटून येऊ द्या. कुळथाचं पिठलं तर दहा मिनिटांत होतं.

मापं अशी. चौघांच्या आमटीला कोरडी डाळ १०० ग्रॅमपेक्षा कमी नको, उसळीला कोरडं कडधान्य १२० ते १५० ग्रॅम, पिठल्याला बेसन एक मोठी वाटी, म्हणजे १२० ग्रॅम. पालेभाजीत मूठभर हरभराडाळ किंवा दाण्याचं कूट, कोबीत मूगडाळ, भोपळ्यात कूट घातलं की त्याच भाजीवर जेवण निभतं. कारळं, जवस आणि दाण्यांची चटणी डब्यात कायम असावी. भाजी कमी पडलेल्या दिवशी ताट तीच सांभाळते.

मोड आलेलं कडधान्य विकत घेण्यापेक्षा घरी काढा. एक किलो मटकीची दोन किलोंहून जास्त होते. अडचण अशी की कधी मोड येतच नाहीत, कधी आंबूस वास येतो. वास आणि चिकटपणा पाणी न निथळल्यामुळे येतो. आठ तास भिजवल्यावर चाळणीत अर्धा तास पूर्ण निथळू द्या, मगच ओलसर फडक्यात सैल बांधा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दहा तासांत मोड येतात, त्याहून जास्त बाहेर ठेवली तर मटकी आंबते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र तेवढ्या वेळात काहीच होत नाही. गाठोडं झाकणाच्या डब्यात घालून, टॉवेलात गुंडाळून, बंद कपाटात किंवा बंद ओव्हनमध्ये २० ते २४ तास ठेवा. टणक राहिलेले दाणे निवडून काढा, ते शिजत नाहीत.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. डाळ-उसळ पातेल्यातून अंदाजाने वाढली की शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला तळाचं पाणी येतं, आणि शेवटी जेवणारी बहुतेक घरांत बाईच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. स्वयंपाक झाला की उसळीच्या सारख्या वाट्या आधी भरून ठेवा, मग पानं घ्या. वरून लिंबू पिळा, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. जेवण होताच चहा घेऊ नका, निदान तासभर थांबा. चहा तेच लोह अडवतो. थंडीत आठवड्यातून तीन-चारदा बाजरीची भाकरी करा. बाजरीत लोह भरपूर असतं, नाचणीत कॅल्शियम.

डाळ शिजत नाही, सिलिंडर लवकर संपतो

डाळ जुनी असते किंवा पाणी जड असतं. ज्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, तिथे याची तक्रार हमखास असते. भिजवायला आणि शिजवायला महापालिकेचं पिण्याचं पाणी वापरा. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की डाळ मऊ होत नाही. सोड्याची चिमूट टाकली तर डाळ शिजते, पण बी-१ जीवनसत्त्व जातं, म्हणून ती सवय नको. तूरडाळ अर्धा ते एक तास भिजवून, कुकरची शिट्टी झाल्यावर आच बारीक करून दहा मिनिटं ठेवा. मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या काढण्यात गॅस वाया जातो. राजमा-छोले रात्रभर भिजवा. भात, डाळ आणि बटाटे एकाच कुकरमध्ये एकावर एक लावा.

भाजी वाया जाते

रविवारी मंडईतून पिशव्या भरून भाजी येते आणि गुरुवारी मेथी पिवळी पडलेली असते. आठवड्याचा क्रम ठरवा: पहिले दोन दिवस पालेभाजी, मग भेंडी-गवार-वांगी, त्यानंतर कोबी, दुधी, भोपळा, गाजर, आणि शेवटचे दोन दिवस उसळ किंवा पिठलं. या क्रमाने आठवड्याला पालेभाजीच्या दोनच जुड्या लागतात. जुडी आणली त्याच दिवशी निवडा, न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा, धुवायची ती चिरण्याआधी. कोथिंबिरीची मुळं कापून, पाणी टिपून, कागद घातलेल्या डब्यात ठेवली तर आठवडाभर टिकते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

फ्लॉवरचा कोवळा पाला, मुळ्याचा आणि बिटाचा पाला, कोथिंबिरीचे देठ हे सगळं पैसे मोजून आणलेलं असतं. पाल्याची पीठ पेरून भाजी होते, देठ वाटणात जातात, दुधी आणि दोडक्याच्या सालींची तीळ घालून चटणी होते.

मंडईत रात्री दुकानं आवरताना भाव उतरतो, पण तेव्हाचा माल त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळीच संपवायचा असतो. शेतकरी आठवडे बाजार जवळ भरत असेल तर पालेभाजी तिथून घ्या. कांद्याचं गणित मात्र वर्षाचं आहे. एप्रिल-मेमध्ये येणारा गावरान कांदा टिकतो, हवेशीर गॅलरी असेल तर तेव्हाच १५-२० किलो घ्या आणि पसरून ठेवा. पावसाळ्यानंतरचा लाल हळवी कांदा साठवणीचा नाही, तो आठवड्यापुरताच आणा.

संध्याकाळचा पुडा

मुलं शाळेतून आली की हाताशी काहीतरी हवंच. नसेल तर पुडा फुटणार, त्यात मुलांचा दोष नाही. रविवारी अर्धा किलो दाणे भाजून, सोलून, ३०० ग्रॅम गुळाबरोबर कुटून लाडू वळा. ३० ग्रॅमचे पंचवीस-सव्वीस होतात आणि सामानाला शंभर रुपयांच्या आत लागतात. चुरमुऱ्यांचं भडंग, उकडलेले हरभरे, भाजणीचं थालीपीठ, सकाळच्या पोळ्यांची फोडणीची पोळी, एवढं आलटून पालटून पुरतं. दुधाचंही पाहा. रोजच्या एका लिटरवर कोणी आलं-गेलं तर म्हणून अर्धा लिटर जादा येत असेल, तर महिन्याला ८७० रुपये चहात जातात. दुपारी चारशे मिलिलिटरचं विरजण लावून ठेवलं की ते दूध चहात संपत नाही, आणि विकतचं दही लागत नाही.

साठवलेलं खराब होतं

जून ते सप्टेंबर पुण्यातली हवा दमट असते, त्या काळात रवा, बेसन, मैदा अर्धा-अर्धा किलोच आणा. रवा कोरडा भाजून ठेवला तर जाळी धरत नाही. वर्षाचे गहू घेतले तर मेच्या कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरले तर आत घाम धरतो आणि सोंडे पडतात. तूरडाळीला हाताला एरंडेल लावून चोळलं तर ती टिकते, वापरताना कोमट पाण्याने धुवायची. शेंगदाण्यांच्या बाबतीत काटकसर करू नका. बुरशी आलेले, काळपट, कडवट लागणारे दाणे भाजूनही सुरक्षित होत नाहीत, ते सरळ टाका. हे टाळायचं तर पावसाळ्यात महिन्यापुरतेच आणा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

रेशनचं धान्य

प्राधान्य कुटुंबाच्या यादीत नाव असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांच्या घरात हे २० किलो म्हणजे वरच्या धान्य-तांदळाच्या खर्चाचा मोठा भाग. कार्डावरच्या प्रत्येकाची आधार पडताळणी झाली आहे का ते दुकानात विचारून घ्या.

या तांदळात कधी वेगळे दिसणारे, जरा पिवळसर किंवा जास्त पांढरे दाणे असतात, पाण्यात घातल्यावर काही वर तरंगतात. ते प्लास्टिकचे समजून वेचून टाकले जातात. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून बनवलेले पोषक दाणे असतात, साधारण शंभर दाण्यांमागे एक. ते काढू नका. तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवा, आणि भात मोजक्या पाण्यात करा. पाणी काढून टाकलं तर घातलेलं पोषण त्याच्याबरोबर मोरीत जातं. घरात कोणाला थॅलेसेमिया असेल तर मात्र हा तांदूळ डॉक्टरांना विचारूनच द्या.